औषध चालणार नाही, हे आधी कळले तर

लघवीत जंतुसंसर्ग झाला की डॉक्टर नमुना कल्चरला पाठवतात. दोन-तीन दिवसांत अहवाल येतो. त्यात अँटिबायोटिकांची नावे असतात आणि प्रत्येकापुढे ते औषध त्या जंतूला लागू पडते की नाही याची नोंद असते. कर्करोगाच्या रुग्णाला असा कागद का मिळू नये, हा प्रश्न नातेवाइकांना पडतो, तसाच तो संशोधकांनाही जवळपास अर्धशतकापासून पडलेला आहे. गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या, त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहायचे आणि ज्याने त्या मरतील ते रुग्णाला द्यायचे, इतकी ही कल्पना सरळ आहे. रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेली ऊतीची सूक्ष्म प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, हाती आल्यापासून या कल्पनेला नवा जोर चढला. गेल्या दहा-बारा वर्षांत आतडे, स्वादुपिंड, स्तन, तोंड, मेंदू अशा अनेक अवयवांच्या कर्करोगांचे ऑर्गनॉइड तयार झाले, त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, काही प्रयोग थेट रुग्णांपर्यंत पोहोचले. त्यामुळे आता नुसत्या आशेवर न थांबता हिशेब मांडता येतो, आणि तो मांडला की एक विषमता ठळकपणे दिसते. ‘हे औषध चालेल’ असे ऑर्गनॉइड सांगतो तेव्हा त्यावर विसंबणे अजून धोक्याचे आहे. ‘हे चालणार नाही’ असे तो सांगतो तेव्हा मात्र, काही अटी पाळल्या तर, त्याचे ऐकायला हवे. बोलबाला पहिल्या उत्तराचा होतो आणि कामाचे ठरते ते दुसरे.

या तंत्राचे मूळ कर्करोगात नाही, निरोगी आतड्यात आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातल्या ह्युब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये आतड्याच्या मूलपेशी ओळखण्याची खूण शोधली. २००९ मध्ये याच गटातल्या तोशिरो सातो यांनी तशी एकच मूलपेशी घेऊन तिच्यापासून आतड्याच्या अस्तराची घडण दाखवणारी सूक्ष्म रचना वाढवून दाखवली. त्याआधी प्रयोगशाळांचा कारभार चालायचा तो प्लास्टिकच्या तळाला चिकटून सपाट वाढणाऱ्या पेशींवर. १९५१ पासून जगभर वाढत आलेल्या हीला पेशी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा पेशी टिकतात खऱ्या, पण फार थोड्या गाठी प्लास्टिकवर रुळतात, आणि ज्या रुळतात त्या वर्षानुवर्षांच्या मुक्कामात मूळ रुग्णापासून दूर गेलेल्या असतात. ऑर्गनॉइड त्रिमितीत वाढतो, मूळ गाठीतले बहुतेक जनुकीय बदल सांभाळतो, आणि मुख्य म्हणजे तो ठरावीक एका रुग्णाचा असतो. २०१५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २० रुग्णांच्या ऑर्गनॉइडची पहिली जिवंत पेढी जाहीर झाली, तेव्हा याच गोष्टीचे अप्रूप होते.

प्रत्यक्ष टेबलावर हे काम बरेच किचकट आहे. बायोप्सीच्या सुईतून आलेला काही मिलिमीटरचा तुकडा बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत आणतात, ब्लेडने बारीक चिरतात आणि ऊती विरघळवणाऱ्या विकरात ठेवून पेशींचे पुंजके सुटे करतात. हे पुंजके मॅट्रिजेल नावाच्या प्रथिनांच्या मिश्रणात कालवतात. हे मिश्रण उंदरांतल्या एका विशिष्ट गाठीपासून काढलेले असते. थंड असताना ते पातळ राहते आणि शरीराच्या तापमानाला घट्ट होते. त्यामुळे थेंब ताटलीत सोडला की त्याचा छोटा घुमट बनतो आणि पेशी त्यात अडकून राहतात. वरून पोषक द्रव घालतात. त्यात पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिने असतात. इथेच एक सुंदर युक्ती आहे. निरोगी आतड्याच्या पेशींना व्न्ट हा वाढीचा संदेश बाहेरून द्यावा लागतो. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत मात्र जनुकीय बिघाडामुळे तो संदेश आतून सतत चालूच असतो. त्यामुळे द्रवातून व्न्ट काढून घेतला की निरोगी पेशी उपाशी पडून संपतात आणि कर्करोगाच्या तेवढ्या उरतात. पुरेसे ऑर्गनॉइड जमले की ते ३८४ खळग्यांच्या ताटलीत वाटतात, प्रत्येक औषधाच्या चढत्या मात्रा घालतात, काही दिवस थांबतात आणि जिवंत पेशींतल्या ऊर्जाद्रव्याचे मोजमाप प्रकाशाच्या रूपात घेतात. जिथे प्रकाश कमी, तिथे औषधाने काम केले.

हा उत्साह काही जणांना जुना वाटतो, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ॲन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी मऊ अगारमध्ये गाठीच्या पेशी वाढवून औषधे पारखण्याची पद्धत मांडली, तेव्हाही हाच गाजावाजा झाला होता. पुढची दोन दशके अशा चाचण्यांचे नाना प्रकार निघाले, काही बाजारात विकले गेले. अखेर अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २००४ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितले की संशोधनाबाहेर या चाचण्यांवरून केमोथेरपी ठरवू नये. २०११ मध्ये पुन्हा तपासणी झाली, सल्ला तोच राहिला. जुन्या पद्धतीत पुष्कळ गाठी वाढतच नसत, आणि वाढल्या तरी त्यातल्या मूठभर पेशींवरून निकाल काढावा लागे. ऑर्गनॉइडने ही अडचण बरीच सोडवली आहे. पण त्या वेळच्या परीक्षकांनी ठेवलेली दुसरी अट अधिक कडक होती: चाचणीवरून उपचार घेतलेले रुग्ण चाचणीविना उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त जगतात, किंवा निदान कमी त्रासात जगतात, हे दाखवा. ती अट अजून उभी आहे.

मधल्या काळात जनुके वाचून औषध निवडण्याचा मार्ग पुढे आला. एका ठळक जनुकीय दोषावर चालणाऱ्या रोगात त्याने चमत्कार घडवले. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगावरचे इमॅटिनिब हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. पण घन गाठींच्या सरसकट रुग्णांवर हा मार्ग वापरून पाहिला तेव्हा फ्रान्समधल्या शिवा या चाचणीने २०१५ मध्ये पाण्याचा हबका मारला. १९५ रुग्णांत चिठ्ठी टाकून निम्म्यांना जनुकांवरून निवडलेले औषध आणि निम्म्यांना डॉक्टरांच्या पसंतीचे नेहमीचे औषध दिले. रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यम काळ एका गटात २.३ महिने आणि दुसऱ्यात २.० महिने भरला. जनुकांची यादी म्हणजे पेशीचे वर्तन नव्हे, हे त्यातून उघड झाले. मग पेशीलाच विचारावे, औषध टाकून बघावे, या जुन्या विचाराकडे लोक नव्या साधनानिशी परत वळले, हे स्वाभाविकच होते.

या साधनाचा सर्वांत उद्धृत केलेला पुरावा २०१८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधून आला. अन्नमार्गाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या, वेगवेगळ्या औषधचाचण्यांत सामील झालेल्या रुग्णांचे ऑर्गनॉइड करून त्यांची दाद आणि रुग्णांची दाद ताडून पाहिली. ऑर्गनॉइडचा नकार १०० टक्के वेळा खरा ठरला, होकार ८८ टक्के वेळा. जगभरच्या बातम्यांत हे आकडे झळकले. त्यात दोन गोष्टी झाकल्या गेल्या. तुलना मोजक्याच रुग्णांची होती, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. ज्यांच्यावर बहुतेक उपचार संपलेले आहेत अशा रुग्णांत कोणतेही नवे औषध थोड्यांनाच लागू पडते. शंभरांपैकी दहांनाच गुण येणार असेल, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारा माणूसही नव्वद वेळा बरोबर ठरेल. म्हणून नुसत्या नकाराच्या अचूकतेवर भाळून जाणे चूक आहे. विचारायचे ते हे की, ज्या थोड्यांना गुण येणार होता त्यांतला एखादा या नकारात बळी पडला का? लंडनच्या अभ्यासात तसा कोणी सापडला नाही, आणि त्या निष्कर्षाचे खरे वजन तिथे आहे.

पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या एमिल फूस्ट यांच्या गटाने हाच प्रश्न जास्त बारकाईने विचारला. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात इरिनोटेकानवर आधारलेल्या उपचाराचा निकाल ऑर्गनॉइडने ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत अचूक वर्तवला, आणि ज्यांना फायदा होणार होता त्यांतल्या एकालाही चुकीने बाद केले नाही. पण त्याच प्रयोगशाळेत, त्याच रोगात, फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्झालिप्लाटिन या जोडीबाबत मात्र ऑर्गनॉइडला काहीच सांगता आले नाही. एका औषधाबाबत शहाणा आणि दुसऱ्याबाबत आंधळा, असे हे साधन निघाले. सबब ‘ऑर्गनॉइड चाचणी अचूक आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रोगात, कोणत्या औषधाबाबत, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. औषधांची लांबलचक यादी एका अहवालात छापून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

होकाराची खरी परीक्षा याच गटाच्या सेन्सर या चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लंडनच्या आकड्यांच्या मानाने त्यांची चर्चा फारच कमी झाली. नेहमीचे उपचार संपत आलेले ६१ रुग्ण तिच्यात घेतले, त्यांपैकी ५४ पात्र ठरले. ३१ जणांचे, म्हणजे ५७ टक्क्यांचे, ऑर्गनॉइड वाढले. २५ जणांच्या ऑर्गनॉइडवर औषधे तपासून झाली आणि १९ जणांच्या बाबतीत निदान एका औषधाने पेशी लक्षणीय मारल्या. प्रत्यक्ष औषधापर्यंत पोहोचले ते सहा जण. तिघांना एक औषध, तिघांना दुसरे. ताटलीत ज्यांच्या पेशींनी औषधाला दाद दिली होती त्या सहांपैकी एकाचीही गाठ मोजण्याइतकी आकसली नाही. सहा हा आकडा लहान आहे, आणि दोन्ही औषधे तशी नवखी होती, हे मान्य. तरीही ‘चालेल’ या शब्दाची किंमत त्यातून कळते.

होकार असा का फसतो, याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गाठीच्या गाभ्यापर्यंत औषध पोहोचते का हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आधार देणाऱ्या तंतुपेशी नसतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच पेशींची दाट भिंत औषधाला अडवते. रुग्णाला किती मात्रा सोसेल, त्याचे यकृत आणि मूत्रपिंड औषधाचे काय करतील, याचा ताटलीला पत्ता नसतो. शिवाय सुई गाठीच्या एकाच कोपऱ्यात जाते. चार्ल्स स्वांटन यांच्या लंडनमधल्या गटाने २०१२ मध्ये मूत्रपिंडाच्या एकाच गाठीचे वेगवेगळे भाग तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या भागांत सारखे आढळले नाहीत. ज्या कोपऱ्यातून तुकडा आला तो मेला तरी शेजारचा जिवंत राहू शकतो. होकार खरा ठरायचा तर या सगळ्या पायऱ्या सुरळीत पार पडाव्या लागतात. नकार खरा ठरायला एकच पुरते. औषध थेट पेशीला भिडले, भरपूर मात्रेत भिडले, वाटेत काही आडवे नव्हते आणि तरी पेशी मेली नाही, तर एवढ्या अडथळ्यांच्या शरीरात ती मरेल अशी अपेक्षा धरायला आधार उरत नाही. मी नकाराच्या बाजूने उभा राहतो तो एखाद्या अभ्यासातल्या टक्क्यांमुळे नव्हे, या तर्कामुळे.

यावर रास्त आक्षेप असा की काही औषधे पेशीला भिडतच नाहीत. बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. ज्या ताटलीत वाहिन्याच नाहीत तिथे ते निकामी दिसणारच. रोगप्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या औषधांचे तसेच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून २०२२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर डोस्टारलिमॅब दिल्याचे निष्कर्ष आले. उपचार पूर्ण झालेल्या पहिल्या १२ च्या १२ रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. त्या रुग्णांचे साधे ऑर्गनॉइड करून हे औषध टाकले असते तर पेशी ढिम्म राहिल्या असत्या आणि अहवालात ‘उपयोग नाही’ असे छापून आले असते. काही औषधे शरीरात गेल्यावर कामाची होतात: सायक्लोफॉस्फामाइडला यकृताची गरज लागते, इरिनोटेकानचे खरे मारक रूप शरीरातल्या विकरांमुळे तयार होते. म्हणून प्रयोगशाळांना तयार रूप विकत आणून वापरावे लागते, आणि ज्यांना हे ध्यानात येत नाही त्यांचे नकार खोटे निघतात. ऑक्झालिप्लाटिनचे कोडे तर याहून मासलेवाईक आहे. ऑर्गनॉइडच्या पोषक द्रवात एन-ॲसिटिलसिस्टीन हे रसायन सर्रास घालतात. त्यात गंधक आहे, आणि गंधकाला धरून बसणे हा प्लॅटिनमचा स्वभाव. नेदरलँड्समधल्याच संशोधकांनी अलीकडे हे रसायन वगळून चाचणी घेतली, तेव्हा ऑक्झालिप्लाटिनच्या बाबतीतही ताटली आणि रुग्ण यांचा मेळ बसू लागल्याचे त्यांनी नोंदवले. पेशींना जगवण्यासाठी घातलेला पदार्थच औषधाला निष्प्रभ करत असावा, ही शक्यता इतकी वर्षे फारशी लक्षात घेतली गेली नव्हती.

तेव्हा नकारावर विसंबण्याची पहिली अट अशी की औषध थेट कर्करोगाच्या पेशीवर काम करणारे हवे आणि त्या औषधासाठी, त्या रोगात, चाचणी आधी रुग्णांवर ताडून पाहिलेली हवी. प्रतिकारशक्तीवर चालणाऱ्या औषधांसाठी वेगळी तयारी लागेल. ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१८ मध्ये ऑर्गनॉइड आणि त्याच रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशी, एकत्र वाढवून गाठ ओळखणाऱ्या टी-पेशी तयार करता येतात हे दाखवले. स्टॅनफर्डमध्ये कॅल्व्हिन कुओ यांच्या गटाने त्याच वर्षी गाठीचा तुकडा प्रतिकारपेशींसकट वाढवला. हे काम चांगले आहे, पण ते अजून पारख करण्याच्या पायरीवर आलेले नाही.

दुसरी अट रुग्णाच्या बाजूची आहे, आणि माझ्या मते तीच निर्णायक. नकार चुकीचा निघाला तर किती नुकसान होईल? ज्या आजारात एकच प्रभावी औषध आहे तिथे ऑर्गनॉइडच्या शब्दावर ते रोखणे हा गुन्हा ठरेल. पण वैद्यकात अशाही जागा आहेत जिथे दोन वाटा सारख्याच तोडीच्या असतात. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात आधी इरिनोटेकानची जोडी देऊन नंतर ऑक्झालिप्लाटिनची द्यावी की उलट, हा प्रश्न फ्रान्समध्ये तपासला गेला. २००४ साली आलेले उत्तर असे: पहिल्या क्रमात मध्यम आयुष्य २१.५ महिने, दुसऱ्यात २०.६. म्हणजे फरक नाही म्हटला तरी चालेल. त्यामुळे आज निवड होते ती दुष्परिणाम पाहून. एकात जुलाब आणि केस गळणे, दुसऱ्यात हातापायांची बधिरता. पण सरासरी सारखी असली तरी प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. इरिनोटेकान ज्याला मुळीच लागू पडणार नाही असा माणूस आधी ते दोन-तीन महिने घेतो, जुलाबांनी खंगतो, स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते आणि मग दुसऱ्या वाटेला लागतो. ऑर्गनॉइड नेमका याच औषधाबद्दल भरवशाचा आहे. त्याने ‘नाही’ म्हटले तर आधी दुसरी वाट धरायची. नकार खोटा ठरला तरी पहिली वाट पुढे मोकळीच असते. चाचणीची ताकद आणि रुग्णाची सुरक्षितता इथे एकाच जागी भेटतात, आणि तरीही या जागेवरचे काम मागे पडून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी अनपेक्षित औषध शोधण्याच्या कथा पुढे येतात, हे मला खटकते.

तशीच दुसरी जागा गुदाशयाच्या कर्करोगाची. तिथे शस्त्रक्रियेआधी किरणोपचार आणि केमो देतात. शांघायमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ८० ऑर्गनॉइडवर केलेल्या अभ्यासात त्याचा निकाल सुमारे ८४ टक्के वेळा आधी सांगता आला. ज्याला त्याचा उपयोग नाही त्याला थेट शस्त्रक्रियेकडे नेता येईल का, हे तपासण्याजोगे आहे. तोंडाच्या कर्करोगात चित्र जरा गुंतागुंतीचे होते. उट्रेख्टच्या गटाने २०२३ मध्ये डोके आणि मान या भागातल्या निरोगी आणि कर्करोगी ऊतींच्या मिळून शंभराहून अधिक प्रतिकृतींचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत ऑर्गनॉइडची दाद आणि रुग्णाची दाद जुळताना दिसली. पण समजा, ऑर्गनॉइडने सांगितले की किरणांचा उपयोग नाही. मग पुढे काय? किरणोपचार टाळून द्यायला त्या तोडीचे दुसरे काही नाही. अशा ठिकाणी नकाराचा अर्थ ‘थांबा’ असा होत नाही. उपचार जास्त तीव्र करून पाहणाऱ्या प्रयोगात या रुग्णाला घ्यावे का, एवढाच त्याचा उपयोग.

मग होकार कुठेच खरा ठरत नाही का? ठरतो, आणि ते उदाहरण कर्करोगाबाहेरचे आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीच्या आवरणातली क्षारांची एक वाट बिघडलेली असते. उट्रेख्टच्या येफ्री बेकमान यांच्या गटाने २०१३ मध्ये रुग्णाच्या गुदाशयातून घेतलेल्या ऑर्गनॉइडवर एक रसायन टाकून तो फुगतो का हे पाहायला सुरुवात केली. वाट चालू असेल तर पाणी आत शिरते आणि ऑर्गनॉइड फुगतो. औषधाने वाट दुरुस्त झाली तर न फुगणाराही फुगू लागतो. दुर्मीळ बदल असलेल्या, मोठ्या औषधचाचण्यांत कधीच न बसणाऱ्या रुग्णांना नेदरलँड्समध्ये या पद्धतीने औषधापर्यंत पोहोचता आले. एक जनुक, एक वाट, आणि पेशीत घडते तेच शरीरात घडते: होकार खरा ठरायला इतका साधा मामला लागतो. कर्करोग तसा क्वचितच असतो. रक्ताचे कर्करोग त्याच्या जवळ जातात, कारण तिथे पेशी मुळातच सुट्या असतात आणि काही दिवसांत तपासता येतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी ताज्या पेशींवर औषधे पारखून ५६ रुग्णांना उपचार दिले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक जणांत रोग आधीच्या उपचारापेक्षा स्पष्टपणे जास्त काळ रोखला गेला. पण तिथेही तुलना रुग्णाच्या स्वतःच्याच मागच्या उपचाराशी होती, चिठ्ठी टाकून निवडलेल्या दुसऱ्या गटाशी नव्हती.

वेळ आणि वाढ या दोन अडचणी पुष्कळदा तांत्रिक म्हणून बाजूला सारल्या जातात. त्या तशा नाहीत. फुफ्फुसाच्या कर्करोगात शुद्ध कर्करोगाचे ऑर्गनॉइड अवघ्या १७ टक्के नमुन्यांतून मिळाल्याचे ॲमस्टरडॅमच्या गटाने २०२० मध्ये कळवले; बाकी ताटल्यांत श्वासनलिकेच्या निरोगी पेशींनीच जागा बळकावली होती. अशा ताटलीवर औषध पारखले तर निकाल निरोगी पेशींचा येईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसरे असे की ज्यांच्या पेशी जोमाने वाढतात त्यांचा रोगही बहुधा आक्रमक असतो, त्यामुळे वाढलेल्या ऑर्गनॉइडवरून काढलेले निष्कर्ष न वाढलेल्यांना लागू करता येत नाहीत. आणि एरवी कित्येक आठवडे लागणाऱ्या चाचणीसाठी पसरलेल्या रोगाचा माणूस थांबू शकत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये सूक्ष्म थेंबांत वाढवलेल्या प्रतिकृतींवर १४ दिवसांत निकाल देता येतो असे दाखवले. दोन आठवडे चालण्यासारखे आहेत.

भारतात या सगळ्याचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, त्यांत १ लाख ४० हजारांहून अधिक ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे. उपचाराचा मोठा भाग अजून कुटुंबाच्या खिशातून जातो. निकामी केमोची प्रत्येक फेरी म्हणजे औषधाच्या बिलाबरोबर बुडालेली मजुरी, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि तिथे परळमध्ये राहण्याची सोय शोधणे. ‘चालणार नाही’ हे आधी कळण्याचे मोल इथे लंडन-ॲमस्टरडॅमपेक्षा जास्त आहे. पण नेमके याच कारणाने चुकीच्या हातात ही चाचणी जास्त घातकही आहे. उपाय संपल्याचे ऐकलेल्या कुटुंबाला कोणी औषधांची यादी छापून दिली तर ते घर गहाण ठेवून त्यातले महाग औषध आणतील. काही डॉक्टर म्हणतात, पर्याय नसलेल्याला आशेचा एक तंतू दिला तर बिघडले काय? सेन्सरमधल्या सहा रुग्णांचा निकाल समोर असताना हे म्हणणे टिकत नाही. तो उपचार निदान संशोधनाच्या देखरेखीखाली झाला. इथे तो दुष्परिणामांसकट आणि कर्जासकट घरी येईल.

क्षमता आपल्याकडे नाही असे नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधे आणि चाचण्यांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींचा पुरावा ग्राह्य धरायची वाट मोकळी केली. ती औषध तपासण्यासाठी आहे, एका रुग्णाचा उपचार ठरवण्यासाठी नाही, हा फरक मात्र अनेकदा पुसला जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या, रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडणाऱ्या कार-टी उपचाराला त्याच वर्षी मान्यता मिळाली, तेव्हा जिवंत पेशींवरचे अवघड काम इथे होऊ शकते हे सिद्ध झाले. याहून मोलाची गोष्ट म्हणजे टाटा मेमोरियलची प्रश्न विचारण्याची रीत. तिथल्या डॉक्टरांनी डोके-मान कर्करोगात निव्होल्युमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या औषधाची मात्रा २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणून, स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला जोडून चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीत तपासली. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पाश्चात्त्य मात्रेची नक्कल न करता आपल्या रुग्णाला परवडणारा प्रश्न निवडला म्हणून हे उत्तर मिळाले.

ऑर्गनॉइडबाबत तसा प्रश्न मांडायचा तर तो मोठ्या आतड्याच्या त्या दोन समतुल्य वाटांपासून सुरू करता येईल. अर्ध्या रुग्णांत डॉक्टर नेहमीप्रमाणे पहिली जोडी निवडतील, अर्ध्यांत इरिनोटेकानला ऑर्गनॉइडने दिलेला नकार पाळला जाईल. मोजायचे ते फक्त आयुष्य नव्हे. वाया गेलेल्या फेऱ्या, रुग्णालयात काढलेले दिवस आणि घरचा खर्चही त्यात धरावा लागेल. आयात मॅट्रिजेल आणि त्याची शीतसाखळी यांचा खर्च त्या बचतीतून भरून निघतो का, हेही तिथेच कळेल. आणि रुग्णाची गणना संमतीपत्रावर सही झाल्या दिवसापासून व्हायला हवी, ऑर्गनॉइड वाढल्या दिवसापासून नाही. ज्याच्या पेशी ताटलीत वाढल्याच नाहीत, ज्याचा निकाल उशिरा आला, जो वाट पाहता पाहता गेला, ते सगळे चाचणीच्या गटातच मोजले गेले पाहिजेत. सेन्सरने ६१ पासून सहापर्यंतची प्रत्येक पायरी छापली, म्हणून तिच्यावरून काही शिकता आले.